शेऱ्याचा रकाना

पहाटे ५.४५

जानेवारीत या वेळी नाशिक रोडला दार उघडवत नाही. आधण ठेवते आणि फोन बघते. चार प्रयोगशाळांचा आमचा गट आहे: नाशिक रोड, अमरावती, कोल्हापूर, बेळगाव. बेळगावच्या सरांनी रात्री उशिरा लिहिलंय, ‘आज पाच झाले. एक काकू मध्येच उठून घरी गेल्या, गॅसवर दूध ठेवलंय म्हणाल्या. शेऱ्यात लिहिलंय.’ या शेवटच्या दोन शब्दांनी मला बरं वाटतं. ते का, ते दिवसभरात येईलच.

मी इथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. गेल्या जूनपासून चार कॉलेजांचे विभाग मिळून एकच काम करतोय. मराठी बोलणाऱ्या माणसाचं लक्ष आणि स्मरण वयाप्रमाणे कसं बदलतं, याची माहिती गोळा करायची. चारही ठिकाणी चाचण्या त्याच, सूचना शब्दन्‌शब्द त्याच, क्रमही तोच. एकट्या विभागाला वर्षभरात चाळीस-पन्नास माणसं मिळतात. तेवढ्यावर वयाविषयी काही बोलणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि माणसाच्या मनाच्या बाबतीत ती परीक्षा चुकते.

सकाळी ७.००

पंचवटी एक्स्प्रेसची वेळ. मुंबईला रोज जाणारे नोकरदार डबा, मफलर सांभाळत स्टेशनच्या दिशेने पळतायत. मी उलट्या दिशेने चाललेय. गाडीचा भोंगा कानावर आला की सवयीने घड्याळ बघते. आमच्या चाचणीत माइक आहे आणि माइकला भोंगा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. म्हणून ही गाडी गेल्याशिवाय आम्ही कुणालाच खुर्चीत बसवत नाही.

सकाळी ७.३०

प्रयोगशाळा उघडते. भिंतीच्या कपाटात जुना स्मृतिपिंप (मेमरी ड्रम), आरशातल्या रेखनाचा लाकडी संच आणि पिवळी पडलेली जर्नलं आहेत. त्या जर्नलांत समोर बसलेल्या माणसाला ‘प्रयुक्त’ म्हटलंय. मीही तेच शिकले. आता आम्ही ‘सहभागी’ म्हणतो. मला हा बदल मनापासून आवडतो, कारण तो माणूस आपला वेळ देऊन आपल्याबरोबर काम करत असतो.

दोन विद्यार्थिनी आल्या. एक तापमान लिहिते, दुसरी पडदे ओढते. खुर्ची ते पडदा हे अंतर टेपने मोजायचं. पडद्याची उजळता ठरलेल्या खुणेवर आणायची. माइक तोंडापासून एक वीत, ही वीतही आम्ही पट्टीवर मोजून ठरवलीय, कारण प्रत्येकाची वीत वेगळी.

जूनमधली एक गोष्ट सांगते. चाचणीतले रंगांचे शब्द चौघांनी आपापल्या संगणकावर टाकले. आमच्याकडे ‘हिरवा’ नीट दिसत होता. अमरावतीच्या मॅडमनी त्यांच्या पडद्याचा फोटो पाठवला, तर तिथे ‘हरिवा’! पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकली होती. ‘निळा’चं ‘नळिा’ झालं होतं. देवनागरी बरीच वर्षं लिहिणाऱ्यांना हा आजार ठाऊक आहे. जुनी प्रणाली अक्षरं सुटी सुटी मांडते आणि वेलांटी चुकते. पण विचार करा, आम्ही तो फोटो मागवलाच नसता तर? अमरावतीची माणसं अडखळली असती आणि आम्ही लिहिलं असतं की विदर्भातल्या लोकांचा वेग कमी आहे. शेवटी सगळे शब्द एकाच ठिकाणी चित्र म्हणून तयार केले आणि चौघांना तीच चित्रं दिली. तेव्हापासून नियम आहे: रोज सकाळी पडद्याचा फोटो गटात टाकायचा. आजचे चारही फोटो आले. चारही ठिकाणी ‘हिरवा’ हिरवाच आहे.

सकाळी ८.३०

पहिला सहभागी, प्रथम वर्षाचा मुलगा. विद्यार्थिनी संमतिपत्र त्याच्यापुढे ठेवते आणि मोठ्याने वाचून दाखवते. कधीही थांबता येईल, नाव कुठेही छापलं जाणार नाही, न आल्यास गुणांवर परिणाम नाही. हे शेवटचं वाक्य मी स्वतः पुन्हा सांगते, कारण तो माझ्याच कॉलेजचा आहे आणि मॅडमना नाही कसं म्हणायचं, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसतोय.

चाचणी जुनी आणि साधी आहे. जॉन रिडली स्ट्रूप यांनी ती १९३५मध्ये प्रसिद्ध केली. ‘निळा’ हा शब्द तांबड्या शाईत दाखवायचा आणि शाईचा रंग विचारायचा. डोळा शब्द वाचून मोकळा होतो, जीभ रंग शोधत राहते. स्ट्रूप यांच्या विद्यार्थ्यांना रंगीत चौकोनांची शंभर नावं सांगायला सुमारे ६३ सेकंद लागले, तर शब्दांच्या शाईचे शंभर रंग सांगायला ११०. त्यांच्या हातात घड्याळ होतं. आमच्याकडे शब्द पडद्यावर आल्यापासून आवाज निघेपर्यंतचा वेळ संगणक मोजतो. साधा पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो, म्हणजे सतरा मिलिसेकंदांच्या आतली अचूकता मागूच नये. हेही चौघांनी आधीच लिहून ठेवलंय.

मुलाला सूचना वाचून दाखवताना विद्यार्थिनी सहज म्हणते, ‘घाबरू नकोस, सोपं आहे.’ मी तिला बाहेर बोलावते. हे वाक्य कागदावर नाही. कोल्हापूरचा मुलगा हे ऐकणार नाही आणि आपल्याकडचा हे ऐकून निवांत होईल किंवा उलट, सोपं असूनही जमत नाही म्हणून खचेल. तिचं मन चांगलं होतं. तरी ते वाक्य शेऱ्याच्या रकान्यात जातं, वेळेसकट.

सकाळी १०.००

तास. तृतीय वर्षाच्या वर्गात आज हाच विषय घेते, कारण एका मुलीने काल विचारलं, ‘मॅडम, आपण एवढं एकसारखं करण्याच्या मागे का लागतो?’

फळ्यावर दोन आकडे लिहिते: ९७ आणि ३६. मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध झालेले अभ्यास २७० संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांत ९७ टक्के अभ्यासांचा निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला होता. पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उतरले. हे २०१५मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. वर्ग गप्प होतो. मला ही बातमी लाजिरवाणी वाटत नाही. आपल्या विद्येने आपलीच झडती घेतली, असं मी त्यांना सांगते आणि तसंच मानते.

मग दुसरे दोन आकडे. जेफ्री आर्नेट यांनी मानसशास्त्राच्या सहा प्रमुख अमेरिकन नियतकालिकांतले २००३ ते २००७चे निबंध तपासले. त्यातले ६८ टक्के सहभागी एकट्या अमेरिकेचे होते आणि ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले. आपण वर्गात ‘माणसाचं मन’ म्हणून जे पाठ करतो, ते बव्हंशी तिकडच्या कॉलेजातल्या मुलांचं मन आहे.

त्यावर उपाय म्हणून प्रयोगशाळा एकत्र येऊ लागल्या. ओहायोतल्या अ‍ॅशलंड विद्यापीठाचे ख्रिस्तोफर चार्टियर यांनी २०१७मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स अ‍ॅक्सलरेटर’ नावाचं जाळं सुरू केलं. भौतिकशास्त्रज्ञ जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये मिळून काम करतात, तसं मानसशास्त्रात का नको, हा त्यांचा प्रश्न होता. चेहरा बघून आपण माणसाविषयी काय मत बनवतो, हा त्यांचा पहिला अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला: ४१ देश, ११,५७० सहभागी. तान्ह्या मुलांवरच्या अशाच एका अभ्यासात ६७ प्रयोगशाळांनी २,३२९ बाळांची माहिती गोळा केली. बाळांशी लाडाने बोललेलं बाळांना जास्त आवडतं, हे त्यातून पक्कं झालं. मात्र ऐकवलेला आवाज सगळीकडे उत्तर अमेरिकन इंग्रजीतला होता. आपल्या आजीचं ‘अले अले’ अजून त्या मोजणीत यायचंय.

आपल्या राज्यातलं उदाहरणही आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर ४५ वर्षांपुढच्या भारतीयांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. पहिल्या फेरीत ७२,२५० जण होते. तब्येत, पैसा, कुटुंब यांबरोबर त्यांची स्मरणशक्तीही तपासली, दहा शब्द ऐकवून. दहा शब्दांची यादी आम्हीही वापरतो. त्यावरून आज दुपारी जे घडलं ते पुढे येतं.

सकाळी ११.३०

नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका आले. १९२८पासून नाशिक रोडला नोटा छापल्या जातात. इथल्या कितीतरी घरांत सकाळचा डबा ‘प्रेस’च्या पाळीप्रमाणे भरला गेला. काकांनी स्वेटर नीट केला, चष्मा पुसला आणि सराव सुरू केला.

पडद्यावर तांबड्या शाईत ‘पिवळा’ आला. काका म्हणाले, ‘तांबडा.’

विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. आमच्या यादीत शब्द आहे ‘लाल’. कॉलेजातली मुलं ‘लाल’च म्हणतात. काकांचं उत्तर चूक म्हणायचं? मुळीच नाही. तांबडा हा अस्सल मराठी शब्द आहे आणि ते आयुष्यभर तोच म्हणत आलेत. मग बरोबर म्हणून पुढे जावं? तेही चालणार नाही. माइक ‘ल’ आणि ‘त’ सारख्याच चपळाईने पकडत नाही. ‘ह’ तर बऱ्याचदा उशिरा पकडतो, कारण त्याची सुरुवात हलकी, श्वासासारखी. दुसरी अडचण मोठी. या चाचणीची गंमतच अशी की पडद्यावरचा शब्द आणि तोंडातला शब्द यांची टक्कर व्हावी. पडद्यावर ‘लाल’ आणि काकांच्या ओठावर ‘तांबडा’, तर ती टक्कर सौम्य होते. मग काका तरुणांपेक्षा चलाख दिसतील, आणि कारण फक्त शब्दाचं असेल.

काकांची चाचणी पूर्ण घेतली. एकदाही त्यांना ‘लाल म्हणा’ असं सांगितलं नाही. मधेच देवळालीकडून तोफांच्या सरावाचा दणका आला, काच थरथरली आणि माइकने तोच आवाज उत्तर म्हणून टिपला. सतरावी फेरी. शेऱ्यात लिहिलं: ‘तोफ.’

उठताना काका म्हणाले, ‘मॅडम, तुमचा पडदा जरा पिवळट मारतोय.’ आयुष्य छपाईचे रंग तपासण्यात गेलेला माणूस! पडद्याची जुळणी पुन्हा तपासली. ते बरोबर होते. रात्रीच्या वेळी पडदा आपोआप पिवळसर करणारी सोय कुणीतरी चालू ठेवली होती. सकाळच्या फोटोत ते आम्हा चौघांपैकी कुणालाच दिसलं नव्हतं. सकाळपासूनच्या तिन्ही सहभागींच्या नोंदीवर खूण केली.

दुपारी १.३०

डबा उघडून पडद्यासमोर बसते. चार प्रयोगशाळांची आठवड्याची बैठक. आज विषय एकच, तांबडा.

कोल्हापूरच्या सरांकडे तर वयस्कांत तांबडाच जास्त. अमरावतीला लाल. बेळगावला तिसराच प्रकार: एक काकू मराठीत रंग सांगता सांगता घाईत ‘केंपु’ म्हणून गेल्या. कन्नडमध्ये लाल म्हणजे केंपु. घरात मराठी, बाजारात कन्नड, अशी त्यांची जीभ आहे.

अर्धा तास बोललो. आवाज चढले नाहीत, पण मतं ठाम होती. अमरावतीच्या मॅडमचं म्हणणं, ‘सगळ्यांना लालच म्हणायला सांगू, प्रश्न मिटला.’ मला ते पटलं नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला त्याचा शब्द टाकून आपला वापरायला लावला, तर त्या ओझ्याचा वेळही आपण त्याच्या वयाच्या नावावर लिहिणार. शेवटी ठरलं ते असं. आधी शब्द न दाखवता नुसते रंगाचे चौकोन दाखवायचे आणि विचारायचं, ‘हा कोणता रंग?’ माणूस लाल म्हणाला तर लालचा संच, तांबडा म्हणाला तर तांबड्याचा. दोन्ही संचांची माहिती वेगळी नोंदवायची. बेळगावला घरात आणि बाहेर कोणती भाषा बोलता, हा प्रश्न वाढवायचा. आजपर्यंतच्या नोंदी काढून टाकायच्या नाहीत. कुठल्या तारखेपासून नियम बदलला, ते सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. आमच्या आराखड्याची आधीच जाहीर नोंदणी झालेली आहे, त्यामुळे हा बदलही कारणासकट तिथे जोडायचा.

डब्यातली मेथी गार झाली होती. चालायचंच.

दुपारी ३.१५

देवळाली गावात एका आजींच्या घरी. त्या भाजी विकायच्या, आता मुलगा विकतो. वाचता येत नाही, म्हणून रंगांच्या शब्दांची चाचणी त्यांना नाही. त्यांच्यासाठी चौकोनांची नावं आणि दहा शब्दांचं स्मरण. संमतिपत्र वाचून दाखवलं, अंगठा घेतला. अंगठ्याला अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. शेजारच्या ताई आल्या, त्यांनी सही केली.

विद्यार्थिनीने दहा शब्द एकेक करून वाचले. आजींनी डोळे मिटले आणि सांगू लागल्या. सात शब्द आले. त्यात एक होता ‘गंगा’.

यादीत गंगा नाही. यादीत आहे ‘नदी’.

नाशिकचं कुणीही हसून मान हलवेल. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. गंगेवर जातो, गंगेला पूर येतो. आजींच्या लेखी नदी म्हणजे गंगा, दुसरी कुठली? त्यांनी ऐकलं, समजून घेतलं आणि आपल्या कप्प्यात ठेवलं. स्मरण याहून वेगळं काय असतं? नियमानुसार मात्र तोच शब्द यायला हवा.

आता वीस मिनिटं थांबून पुन्हा विचारायचं होतं. या मधल्या वेळात यादीतल्या शब्दांचा विषय काढायचा नाही, असा नियम. आम्ही काढला नाही, आजींनी काढला. २०१६च्या ऑगस्टमधला पूर त्यांना आठवला, भाजीच्या किती पाट्या गेल्या ते सांगू लागल्या. विद्यार्थिनीचा चेहरा पांढरा पडला. आजींना थांबवणं उद्धटपणा, न थांबवणं नियमभंग. तिने त्यांना पाणी विचारलं, नातवाची शाळा विचारली, विषय हलकेच वळवला. मी मध्ये पडले नाही. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमलं.

वीस मिनिटांनी आजींनी पाच शब्द सांगितले. ‘गंगा’ पहिला.

बाहेर आल्यावर विद्यार्थिनीने विचारलं, ‘मॅडम, गुण द्यायचा का?’

मी म्हटलं, ‘गुण द्यायचा हक्क आत्ता तुलाही नाही आणि मलाही नाही. तू ‘गंगा’ लिही. बाजूला लिही की पहिल्या वेळीही गंगाच म्हणाल्या होत्या, पुराचं बोलणं त्यानंतर झालं, किती मिनिटं झालं. गुण चौघं मिळून एकाच नियमाने देऊ. कोल्हापुरात कुणी ‘पंचगंगा’ म्हणालं असेल, तर त्यालाही तोच नियम.’

तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं लिहिलं. आठवत असतानाच लिहायचं, घरी जाऊन नाही.

संध्याकाळी ५.३०

प्रयोगशाळेत परत. कागदावरच्या नोंदी दोघी स्वतंत्रपणे संगणकात भरतात, मग दोन्ही ताडून बघतात. आज एका ठिकाणी फरक निघाला: एकीने वय ६७ भरलं, दुसरीने ७६. कागद काढला, ६७ होतं. नावांची यादी कुलुपात, क्रमांकांची फाइल वेगळी. ती सामायिक साठ्यात जाते, जिथे चारही प्रयोगशाळा एकमेकींचं बघू शकतात.

दुसऱ्याने आपलं कच्चं काम बघावं, याची सवय व्हायला मला वेळ लागला. काही वर्षांपूर्वी मी एकटीने एक छोटं काम केलं होतं. मदतीला आलेल्या मुलाने आपल्या नात्यातल्या अकरा म्हाताऱ्या माणसांना हळूच शब्द सुचवले. प्रेमापोटीच. मला ते फार उशिरा कळलं, कारण शेऱ्याचा रकानाच नव्हता. अकराही नोंदी फेकून दिल्या. त्या अकरा जणांनी दिलेला वेळ मी वाया घालवला, याची बोच अजून आहे. म्हणून आता अर्ज तयार करताना मी तो रकाना सगळ्यात रुंद ठेवते.

रात्री ९.३०

मुंबईहून पंचवटी परत यायची वेळ. जेवणं झालीत. गटात आजचा हिशेब टाकते: सहा सहभागी, पाच पूर्ण. बाहेरगावी जायचंय म्हणून एका काकूंचं अर्धवट. तीन नोंदींवर पडद्याच्या रंगाची खूण, एका फेरीत तोफ, एक ‘सोपं आहे’, एक ‘तांबडा’, एक ‘गंगा’. कोल्हापूरच्या सरांचं लगेच उत्तर येतं, ‘आमच्याकडे आज एक आजोबा नदी ऐकून कृष्णा म्हणाले. लिहून ठेवलंय.’

उद्या साडेआठला जेल रोडवरचं एक जोडपं येणार आहे. नाशिक रोडला राहणाऱ्या, साठीच्या पुढच्या वाचकांना माझी विनंती आहे. कॉलेजातली मुलं तुमच्या दारी असे कागद घेऊन आली, तर आधी संमतिपत्र वाचून घ्या, मग जमलं तर चाळीस मिनिटं द्या. उत्तर त्यांच्या शब्दांत देऊ नका, तुमच्या शब्दांत द्या. आणि प्रश्न कळला नाही, तर तसं स्पष्ट सांगा. ती मुलं तेही लिहून घेतील.